दहा आठवड्यांचं सत्र

नॉर्थफील्ड, मिनेसोटा
ऑगस्ट

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न.

सोनू सप्टेंबरच्या मध्याला इथे कार्लटन कॉलेजला शिकायला येईल. त्याआधी तुम्हाला हे कॉलेज नीट कळावं म्हणून सविस्तर लिहिते. वहिनी, फोनवर तू विचारलंस, की मागे विद्यापीठाचं नाव नाही, मग डिग्री कोण देणार? डिग्री कॉलेजच देतं. 1866 पासूनचं हे कॉलेज कुठल्याही विद्यापीठाला संलग्न नाही. मुलं सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास. याला लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात, पण ‘आर्ट्स’ या शब्दावर जाऊ नका, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सही त्यातच येतं. एम.ए., पीएच.डी.चे वर्ग इथे नाहीत, म्हणून पहिल्या वर्षालाही प्राध्यापक स्वतः शिकवतात, पेपर स्वतः तपासतात, आणि पुढे शिफारसपत्रही त्यांनाच लिहायचं असतं. म्हणून त्यांनी सोनूला ओळखायला हवं, आणि ती ओळख पहिल्या सत्रापासून व्हायला हवी.

खरी मेख आहे ती वेळेची. वर्षात तीन सत्रं, एकेक दहा आठवड्यांचं, आणि प्रत्येक सत्रात साधारण तीन विषय. पदवीला 210 क्रेडिट लागतात, बहुतेक विषय 6 क्रेडिटचे, म्हणजे 35 विषय झाले. चार वर्षांत बारा सत्रं, तीन-तीन विषय धरले तर 36. हाताशी मोकळा राहतो तो एकच. शिवाय चार सत्रं शारीरिक शिक्षण करावं लागतं, त्याचं क्रेडिट मिळत नाही. ते पहिल्या दोन वर्षांतच उरकलेलं बरं, नाहीतर चौथ्या वर्षी प्रबंधाच्या धांदलीत त्याचं ओझं होतं.

सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या विषयाचे सत्रभरात जेमतेम तीस तास होतात. आठवडाभर ताप आला की दहावा हिस्सा बुडाला. आपल्याकडे दिवाळीपर्यंत रेंगाळून मग परीक्षेआधी रात्री जागवून भरून काढता येतं, तसं इथे जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला निबंध किंवा चाचणी येते, पाचव्यात अर्धं सत्र संपलेलं असतं. आणि गुण शेवटच्या पेपरवर टांगलेले नसतात. निबंध, प्रयोगवही, वर्गातली चर्चा, सगळ्याचे वाटे असतात. ते वाटे पहिल्या दिवशी मिळणाऱ्या सिलॅबसमध्ये छापलेले असतात. तिन्ही सिलॅबसमधल्या तारखा पहिल्याच रविवारी एका कॅलेंडरवर उतरवायच्या. एकाच आठवड्यात तीन कामं आदळतात ती तिथेच दिसतात, आणि मुदत मागायची तर ती आठ-दहा दिवस आधी मागता येते. आदल्या रात्री मागितली तर बहुधा नाहीच म्हणतात.

आपली मुलं अडतात ती एकाच ठिकाणी. सरांकडे जायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, असं त्यांना वाटतं. इथे प्रत्येक प्राध्यापकाचे ठरलेले तास असतात, त्यांना ऑफिस अवर्स म्हणतात. दार उघडं ठेवून ते मुलांचीच वाट बघत असतात. जाताना ‘काही कळलं नाही’ एवढंच घेऊन जाऊ नये. वही न्यावी, जिथे अडलं त्या ओळीवर खूण करून न्यावी, आणि आपण काय करून पाहिलं ते आधी सांगावं. दहा मिनिटांत काम होतं. निबंधाचा कच्चा खर्डा घेऊन रायटिंग सेंटरलाही जाता येतं. तिथे वरच्या वर्गातली मुलं बसतात. ती चुका दुरुस्त करून देत नाहीत, युक्तिवाद कुठे निसटला ते विचारत जातात. एखादा विषय सोडायची वेळ आलीच, तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारावं, कारण व्हिसाला पूर्णवेळ विद्यार्थी असणं सक्तीचं आहे. व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम चालतं. पहिल्या वर्षी आठ-दहाच्या वर जाऊ देऊ नका.

मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात जाहीर करायचा असतो. दादा, तोवर ‘नक्की काय घेणार?’ हा प्रश्न बाजूला ठेव. चौथ्या वर्षी त्या विषयात एक मोठं काम पूर्ण करावं लागतं, इथे सगळे त्याला ‘कॉम्प्स’ म्हणतात. कुठे प्रबंध, कुठे परीक्षा, कुठे गटाचा प्रकल्प. त्याशिवाय पदवी मिळत नाही.

माजी विद्यार्थ्यांचा या कॉलेजवर जीव आहे. दर जूनमध्ये पाच-पाच वर्षांच्या अंतराने बॅचेस परत येतात आणि मुलांच्याच खोल्यांत राहतात. पुढे सल्ल्यासाठी अशा कुणाला मेल करायची तर पाच-सहा ओळींची, फोनवर वीस मिनिटं मागणारी. पहिल्याच मेलमध्ये नोकरी मागू नये, बायोडेटाही जोडू नये.

आवाराला लागूनच डेसी मोझेस यांचं घर आहे. या बाई मुलांना घरी बोलवून खाऊ घालत. 1981 मध्ये त्या गेल्या आणि घर कॉलेजला देऊन गेल्या. स्वयंपाकघरात मैदा, साखर, लोणी, अंडी, चॉकलेटचे तुकडे भरून ठेवलेले असतात. कुणीही विद्यार्थी केव्हाही यावं, कुकीज भाजाव्यात. अट एवढीच, की भांडी घासून ठेवायची आणि थोड्या कुकीज पुढच्या माणसासाठी सोडायच्या. सोनूला पहिल्याच आठवड्यात तिथे जायला सांगा. घरची आठवण आल्यावर खोलीत एकटं बसण्यापेक्षा तिथलं पीठ मळणं चांगलं.

पहिलं सत्र नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी संपतं आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सहा आठवडे सुट्टी असते. सोनूला घरी आणायचं तर तेव्हाच. तिकीट आत्ताच बघा, डिसेंबर जवळ आला की भाडं फार चढतं. परतीच्या बॅगेत मात्र जागा राहू द्या. जाड कोट पुण्यात घेऊ नका, इथल्या उणे वीसला तो पुरत नाही. कोट आणि बूट इथेच घेऊ. तिकडून सुती आतले कपडे नकोत, लोकरीचे द्या, कारण सुती कपडा घामाने ओला झाला की अंगावर गार पडतो.

मेतकूट आणि गोडा मसाला द्याच. डब्याला झाकणाखाली प्लास्टिक लावून, वर इंग्रजीत नाव लिहून, चेक-इनच्या बॅगेत.

तुमची,
धाकटी