कुरव जवळ येतो म्हणजे तो निर्धास्त असतो, असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे माहेर अलिबागजवळचे असल्याने गेट वे ते मांडवा हा लाँचचा प्रवास मी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी करते. हिवाळ्यात लाँच धक्क्यापासून सुटली की काही मिनिटांतच कुरव पक्ष्यांचा, म्हणजे आपण सरसकट ज्यांना सीगल म्हणतो त्यांचा, थवा मागे लागतो आणि वरच्या डेकवरचे बहुतेक हात गाठी-शेवेच्या पाकिटांत जातात. गेल्या मार्चमध्ये माझ्या शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा वडिलांना धरून बाकावर उभा होता. त्याने गाठी धरलेला हात कठड्याबाहेर काढला, तसा एक कुरव लाँचच्याच वेगाने त्याच्या बोटांपाशी येऊन अधांतरी राहिला. लाल पाय पोटाशी घेतलेले, पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके, आणि हिवाळाभर पांढरे असलेले डोके आता तपकिरी होऊ लागलेले. "आजी, याचा डोळा असा पांढरा का?" मुलाने विचारले. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ असेच फिकट असते, तो लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो, असे मी त्याला सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले आणि कौतुकाने म्हणाले, "पण बघा ना, अजिबात घाबरत नाही. म्हणजे आवडतंय त्याला."

त्या गृहस्थांच्या मनात पक्ष्याविषयी प्रेमच होते, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्यांच्या त्या एका वाक्याविषयी लिहावेसे वाटते, कारण आपल्या शहराचा समुद्रपक्ष्यांशी सगळा व्यवहार त्याच वाक्यावर चाललेला आहे. पक्षी उडाला तर त्याला त्रास झाला, उडाला नाही तर सगळे ठीक, अशी आपली साधी मोजणी आहे. पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या दोन-अडीच दशकांत ही मोजणी चुकीची असल्याचे पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या गावांत हेरिंग गल या मोठ्या कुरवांपुढे बटाट्याच्या चिप्सची पिशवी ठेवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, माणूस पक्ष्याकडे टक लावून पाहत असताना कुरवांना पिशवीपर्यंत यायला, तो दुसरीकडे पाहत असतानापेक्षा, सरासरी २१ सेकंद अधिक लागले, आणि प्रयोगासाठी निवडलेल्या पक्ष्यांपैकी बरेचसे पिशवीकडे फिरकलेच नाहीत. म्हणजे आपल्याला धीट वाटणारा पक्षीसुद्धा माणसाची नजर कुठे आहे, याचा क्षणोक्षणी अंदाज घेत असतो. लाँचवर हाताशी येणाऱ्या कुरवाची मान सतत वळत का असते, हे हा अभ्यास वाचल्यावर मला नव्याने दिसू लागले. तो घासाकडे पाहतो आणि आपल्याकडेही पाहतो. शिवाय, येणारे धीट पक्षी तेवढेच आपल्या नजरेत भरतात. लांब पाण्यावर बसून राहिलेले कुणी मोजत नाही.

याहून महत्त्वाचे काम ग्लासगो विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले. पक्ष्याच्या दिशेने संथपणे चालत जायचे आणि तो किती अंतरावर असताना उडतो ते मोजायचे, ही या शास्त्रातली जुनी आणि सोपी पद्धत आहे. या संशोधकांनी खडकाळ किनाऱ्यावरच्या टर्नस्टोन पक्ष्यांच्या काही थव्यांना आधी जास्तीचे खाद्य दिले, काहींना दिले नाही, आणि मग हे अंतर मोजले. (दगड-शेवाळ उलटून भक्ष्य शोधणारा हा छोटा पक्षी हिवाळ्यात मुंबईच्या खडकांवरही दिसतो.) पोटभर खाल्लेले पक्षी माणसाला पाहून अधिक लांबूनच उडाले, तर ज्यांना जास्तीचे काही मिळाले नव्हते ते माणूस बराच जवळ येईपर्यंत चरत राहिले. भुकेल्या पक्ष्याला जागा सोडणे परवडत नाही, म्हणून तो थांबतो. आपण मात्र त्या नाइलाजाला धिटाई समजतो.

आणि उडून न जाणारा पक्षी आतून स्वस्थ असतो, असेही नाही. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन आपण सर्वांनी काचेमागे पाहिले आहेत. त्याच जातीच्या, चिलीच्या किनाऱ्यावर रानात अंडी उबवणाऱ्या पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके संशोधकांनी मोजले. माणूस १५० मीटर अंतरावरून नुसता चालत गेला तरी ठोके वाढले, आणि थेट जवळ गेल्यावर ते पूर्ववत व्हायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागला. पक्षी मात्र अंड्यांवरून हललाही नव्हता. जिथे माणसांची वर्दळ जास्त होती, तिथे त्यांनी वाढवलेल्या पिल्लांची संख्याही कमी भरली. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचल्यापासून स्थिर बसलेल्या कोणत्याही पक्ष्याकडे मला पूर्वीसारखे निश्चिंतपणे पाहता आलेले नाही.

आता गाठींविषयी. त्यातल्या मिठाने कुरव मरतात असे बोलले जाते, पण ते मला पटत नाही, कारण समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि ते खारे पाणी पितातही. माझा आक्षेप वेगळा आहे. मासळी, कोळंबी, किडे यांवर जगणारा पक्षी मार्च-एप्रिलमध्ये हिमालयापलीकडच्या प्रवासासाठी अंगात शक्ती साठवत असतो, आणि नेमक्या त्या दिवसांत आपण त्याला तळलेल्या बेसनाच्या मागे लाँचबरोबर फेऱ्या मारायला लावतो. माणसाचा हात म्हणजे अन्न, हा धडाही आपणच त्याला देतो. एक्सेटरच्याच संशोधकांनी पुढे दाखवले की समोर सारखेच दोन खाद्यपदार्थ असले, तर हेरिंग गल बहुधा माणसाने हाताळलेला पदार्थ निवडतात. रिकामी पाकिटे समुद्रात पडतात ती वेगळीच.

शिवडीत राहत असल्याने आणखी एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. भरती आली की चिखलपट्टे पाण्याखाली जातात आणि ओहोटीत मैलभर पसरून चरणारे कुरव, सुरय, चिखल्या आणि इतर किनारपक्षी उरलेल्या अरुंद कोरड्या पट्टीवर दाटीवाटीने बसतात. तीच त्यांची विश्रांतीची वेळ, आणि नेमकी तीच आपल्या छायाचित्रणाचीही, कारण तेव्हा पक्षी जवळ असतात. थवा उडतानाचे चित्र हवे म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड भिरकावणारे, ड्रोन खाली आणणारे लोक मी पाहिले आहेत. थवा उठतो, एक वळसा घेतो आणि पुन्हा तिथेच बसतो, कारण जायला दुसरी जागा नसते. "बसले की परत," असे म्हणून ती मंडळी पुढच्या चित्रासाठी सज्ज होतात. शिवडीच्या याच चिखलपट्ट्यांवरून जाणाऱ्या अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाल्यावरही "फ्लेमिंगो अजून येतातच की" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ते येतात, पण जायला दुसरीकडे काही उरले आहे का, हे त्यांच्या येण्यावरून ठरत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, मुंबईतल्या पक्ष्यांचा अंदाज परदेशी अभ्यासांवरून बांधत न बसता ते इथेच मोजावे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, मिळाला, आणि १८८३ पासून काम करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी याच शहरात आहे. भरतीच्या वेळी कोणत्या ठिकाणी माणूस किती अंतरावर आला असता थवा उठतो, दिवसातून किती वेळा उठतो आणि पुन्हा बसायला किती वेळ घेतो, या नोंदी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी वही, घड्याळ आणि अंतर मोजण्याचे साधन घेऊन दोन हिवाळ्यांत करू शकतील. त्या नोंदींच्या आधारे वनखात्याच्या कांदळवन कक्षाने अशा जागांपाशी कुठवर जावे, याची खूण करणारे खांब रोवावेत. ते अंतर पक्षी उडण्याच्या अंतरापेक्षा बरेच जास्त ठेवावे लागेल, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्रास उडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

लाँचवरच्या खाऊसाठी तर एवढीही वाट पाहण्याची गरज नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, तेव्हा पक्ष्यांना खाणे घालण्याविषयी सबंध शहर बोलत होते, पण समुद्रावरच्या या रोजच्या प्रकाराचा उल्लेख कुठे झालेला माझ्या वाचनात आला नाही. बंदर प्रशासनाने लाँचमालकांना सांगून पक्ष्यांसाठी म्हणून होणारी पाकिटांची विक्री थांबवावी आणि डेकवर मराठी, हिंदी व इंग्रजीत ठळक फलक लावावेत. पावसाळ्यात गेट वे ते मांडवा लाँचच्या फेऱ्या बंद असतात आणि कुरवही इथे नसतात. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून परतू लागतील, त्याआधी हे काम सहज उरकता येईल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, शिवडी, मुंबई