कमळीच्या नव्या घरात उजेड पाडणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं बजावलंयत म्हणून नुसतं दादा. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण तुम्ही मला जे फोनवर तासन्‌तास समजावलंत ते अजून चार जणांच्या कामी येईल, आणि तसंही समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता.

कमळी माझी बोआ, म्हणजे पाळलेली मोठी सापीण. आता चांगली सहा फुटांच्या पुढे गेलीय, म्हणून तिच्यासाठी आठ फूट लांब, चार फूट खोल, चार फूट उंच असं एनक्लोजर, म्हणजे पेटीसारखं बंद घर, बांधायला घेतलं. सांगाडा झाला, दारं बसली आणि मग तुम्हाला फोन केला की एवढ्या मोठ्या जागेला किती वॅटचा बल्ब लागेल. दुसरा कुणी असता तर आकडा सांगून मोकळा झाला असता. तुम्ही उलट विचारलंत, कमळी गुंडाळी करून बसली की किती जागा व्यापते? मोजून सांग. मला वाटलं चेष्टा करताय. टेप घेऊन बसलो तर गुंडाळीच जवळजवळ दीड फूट भरली. मग तुम्ही म्हणालात, "बास, एवढा तुकडा तापवायचाय आपल्याला, अख्खी खोली नाही."

तिथून सगळं चित्रच बदललं. छताला दिवा आणि खाली चार फुटांवर जमीन, तिथपर्यंत ऊब पोचवायची म्हणजे वॅट नुसते चढवत बसायचं, कारण उघड्या बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की ऊब पाव हिस्सा उरते. आणि तापलेली हवा तर वरच जमते, म्हणजे छत भट्टी आणि तळ गार. तुमचा उपाय किती सरळ होता, दिवा मोठा करू नकोस, सापालाच वर आण. मधल्या उंचीवर जाड फळी, तिच्या वर एक नव्हे, दोन हॅलोजन, शेजारी शेजारी, दोघांचे झोत एकमेकांवर चढतील असे. एक झोत असला तर मोठ्या सापाच्या पाठीचा वीतभर भागच तापतो, बाकीचं अंग गारच, त्यामुळे अंग आतून तापेपर्यंत तो तिथून हलत नाही आणि तेवढ्यात वरची कातडी भाजून निघते. सापाला भाजलेलं कळत नाही असं सगळीकडे ऐकत आलो होतो, पण त्याला बिचाऱ्याला पुरेशी ऊब एकसारखी मिळतच नाही हे कारण तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि ती मास्किंग टेपची आयडिया! फळीवर टेपच्या पट्ट्या चिकटवून चौकटी पाडायला लावल्यात, दिवे तापू दिले आणि प्रत्येक चौकटीत टेंपरेचर गनचा आकडा पेनाने लिहायला सांगितलात. मधल्या चौकटींत ३४, ३५, कडेला ३१, एका कोपऱ्यात मात्र ४१. का तर दोन्ही झोत तिथे जास्तच एकमेकांवर आले होते. एक होल्डर दोन बोटं सरकवला आणि तो कोपरा ३५ वर आला. तो टेप काढताना खरंच जिवावर आलं, पण आकडे वहीत उतरवून घेतलेत. गन लांबून धरायची नाही हेही तुमच्यामुळेच कळलं. माझ्या गनवर १२:१ लिहिलंय म्हणजे तीन फुटांवरून ती तीन इंचांच्या गोल भागाची सरासरी सांगते, आणि काचेतून मारली तर ती काचेचंच तापमान दाखवते. हवेचं मोजायचं तर प्रोबच, म्हणजे तारेच्या टोकाचा सेन्सरच हवा.

हॅलोजन की सिरॅमिक यावर आपण केवढे भांडलो. मी सिरॅमिकच्या, म्हणजे नुसती ऊब देणाऱ्या चिनीमातीच्या हीटरच्या बाजूने, उजेड नाही, जास्त टिकतो, अजून काय हवं. तुमचं म्हणणं असं की सूर्याच्या उबेत इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या न दिसणाऱ्या किरणांपैकी ए आणि बी असतं ते कातडीच्या थोडं आतवर जातं, हॅलोजनकडून तेच भरपूर मिळतं, सिरॅमिक मात्र जवळजवळ सगळं सी देतो जे कातडीच्या वरच्या थरातच मुरतं. म्हणून दिवसा हॅलोजन, रात्री लागलीच तर उजेड न देणारी ऊब. शेवटी तुमचंच ऐकलं. रात्रीसाठी छताला रेडिएंट पॅनल, म्हणजे उजेड न देता ऊब देणारी सपाट पाटी लावलीय, रात्री २४ च्या खाली गेलं तरच चालू होतं. लाल बल्ब लावणार होतो तोही तुम्ही मोडीत काढलात, रात्र म्हणजे अंधार, विषय संपला.

थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान बघून ऊब कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तर तुम्ही हट्टालाच पेटला होतात आणि बरं झालं. हॅलोजनला डिमिंगवाला, म्हणजे दिवा हळूहळू मंद-तेज करणारा, पॅनलला पल्सवाला, म्हणजे थोडी थोडी वीज तुकड्यातुकड्याने सोडणारा. साधा ऑन-ऑफवाला दिव्याला जोडला तर दिवसभर दिवा भकभक लागतो विझतो. प्रोब क्लिपने घट्ट बसवायचा, कारण मोठा साप तो सहज उपटून गार बाजूला नेतो आणि मग थर्मोस्टॅटला वाटतं की अजून थंडीच आहे, दिवे फुल. त्यावर अजून एक वेगळा कटऑफ, नेहमीच्या आकड्यापेक्षा थोडा वर लावलेला, पहिला अडकला तरी हा वीज तोडणारच. दिव्यांना जाळीचे पिंजरे, होल्डर चिनीमातीचे, प्लास्टिक अजिबात नाही. सिरॅमिकचा पृष्ठभाग २०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो हे ऐकल्यावर जाळीवर वाद घालायची हिंमतच झाली नाही.

उजेडाचं मी गंमत म्हणून विचारलं होतं. बोआ रात्रीचा प्राणी, त्याला यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूब कशाला. तुम्ही त्यावर भाषण नाही दिलंत, एवढंच सांगितलंत की कॉर्न स्नेकना यूव्हीबी (अतिनील किरणांतलाच एक प्रकार) दिल्यावर रक्तातलं व्हिटॅमिन डी वाढलेलं मोजलंय, बॉल पायथनमध्ये तसं दिसलं नाही, म्हणजे सगळ्या सापांना एकच नियम लावता येत नाही, पण योग्य प्रमाणात दिलं आणि सावली ठेवली तर नुकसान नाही. ही प्रामाणिक माहिती मला आवडली. फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रानातले साप आणि सरडे प्रत्यक्षात किती यूव्ही घेतात ते मोजून चार झोन पाडले होते, त्यावरून आपण कमळीच्या फळीवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्हीच्या जोराचं माप, १ च्या आसपास आणि जास्तीत जास्त २ असा धरला. टी फाइव्ह नावाची बारीक यूव्ही ट्यूब आतूनच लावली, कारण जाळी बरंच यूव्हीबी खाते आणि काच तर जवळजवळ सगळंच अडवते. तुम्ही तुमचा यूव्ही मोजायचा मीटर कुरियरने पाठवलात. कोण पाठवतं हो असा मीटर अनोळखी माणसाला? त्याच्यामुळेच कळलं की फळीच्या डाव्या टोकाला इंडेक्स २.६ येतोय, मग तिथे कॉर्कची साल आडवी टाकली आणि सावली झाली.

टायमरचंही तुमचंच. आधी एलईडी, थोड्या वेळाने हॅलोजन, संध्याकाळी उलटं. बारा तास दिवस, पुढे ऋतूप्रमाणे कमी-जास्त करणार.

आता खरी बातमी. कमळी पहिले काही दिवस गार बाजूच्या हाइडमधून, म्हणजे लपायच्या जागेतून बाहेरच येईना आणि मी तुम्हाला मेसेजवर मेसेज. तुमचं एकच उत्तर, "तिला निवडू दे." मग एकदा दिवे लागल्यावर ती फळीवर चढली, अख्खी गुंडाळी दोन्ही झोतांच्या खाली, डोकं तेवढं सालीच्या सावलीत. गन मारली, पाठ ३३, बाजू ३२, शेपटीकडे ३१. म्हणजे सगळं अंग सारखं तापलेलं! मी लगेच फोटो पाठवला आणि तुम्ही त्यावर फक्त अंगठा दाखवलात, एवढ्या मेहनतीवर एक अंगठा, असो. तेव्हापासून ती खाल्ल्यावर फळीवर पडून राहते आणि पोट हलकं झालं की आपणच गार बाजूला जाते. जुन्या पेटीत एवढी जागाच नव्हती, त्यामुळे गरम-गार असं निवडणं तिला कधी जमलंच नव्हतं.

एकच गोष्ट अजून जुळत नाहीये, ओलावा. हॅलोजनने फळीच्या बाजूची हवा कोरडी पडते, ओलाव्याचा मीटर ५० टक्क्यांच्या खाली जातो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फवारा मारत नाही, कारण तापलेल्या बल्बवर पाण्याचा थेंब पडला तर तो फुटू शकतो. कोपऱ्यातल्या मातीत पाणी ओततोय, पाण्याचं भांडं मोठं केलंय आणि गार बाजूला ६५ मिळतंय. कात टाकताना पुरेल ना एवढं? की गरम बाजूलाही शेवाळ भरलेला एखादा हाइड ठेवू?

तुमचा यूव्ही मीटर उद्याच्या कुरियरने परत पाठवतोय, दोन्ही बाजूंनी थर्माकोल लावलाय. मनापासून आभार, दादा. माझेही आणि कमळीचेही.

तुमचा,
कमळीवाला