गंजलेली वॅगन आणि तुमचा लोहचुंबक

गोथेनबर्ग (स्वीडन), रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'थंडी आहे का' एवढंच विचारता आणि आईकडे फोन देता, म्हणून पत्रच लिहितोय. विषय तुमच्या गॅरेजचा आहे.

शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये 1986 ची व्होल्वो 240 आहे, स्टेशन वॅगन. इथले जुने लोक तिला अजून 245 च म्हणतात: 2 मालिकेचा, 4 सिलिंडरचा, 5 दारांचा. 1974 ते 1993 या मालिकेच्या 28 लाखांवर गाड्या निघाल्या, आणि याच गावच्या कारखान्यातूनही. त्यामुळे हिच्याबद्दल प्रत्येकाला मत आहे.

काल शेडमध्ये आमची तिघांची जुंपली. आजोबा गोदीत वेल्डर होते, ते म्हणतात वाचवायची. माझा ऑफिसातला मित्र म्हणतो, काच, दारं, इंजिन काढून घ्या, बाकी भंगारात द्या. एका मेलेल्या गाडीवर तीन चालतील. इंजिनाबद्दल भांडण नाहीच. लाल रंगवलेल्या ब्लॉकचं ते इंजिन बॅटरी लावताच दुसऱ्या फटक्यात सुरू झालं. वायरिंगचं आवरण मात्र बोटात भुगा होऊन येतं. त्या वर्षांतल्या गाड्यांचा तो ठरलेला रोग.

खरा प्रश्न पत्र्याचा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मी तुमच्यासारखा रुमालात लोहचुंबक गुंडाळून फिरवला. मागच्या चाकावरच्या कमानीवर तो धरेचना, पत्र्याच्या जागी नुसती लांबी (पुट्टी) भरलेली! दाराखालच्या पेटीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर पापडासारखा आवाज करून मुठीपर्यंत आत. आजोबा हसले, मित्राने फोटो काढला.

तुमच्याकडे असती तर वाद झालाच नसता. रफिकचाचांनी चार दिवसांत पत्रा ठोकून बसवला असता. इथे मजुरी तासावर, आणि दोन-तीन दिवसांच्या वेल्डिंगमध्येच गाडीची किंमत उडते. मित्राचा हिशोब चुकीचा नाही, पण हिशोब करायचाच तर मग आपली फियाट तुम्ही का ठेवलीत? (आईला हे वाचून दाखवू नका.) आजोबा स्वतः वेल्डिंग करणार असतील तर गाडी वाचवावी, असं माझं मत. दुसऱ्याला पैसे देऊन करायची असेल, तर नाही.

एक गोष्ट अडली आहे. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. ड्रायव्हरचं दार थोडं उचलूनच लावावं लागतं. हे बिजागरी झिजल्यामुळे की पेटी कुजून बॉडी बसल्यामुळे? बिजागरी असेल तर मी आजोबांच्या बाजूने, बॉडी असेल तर गप्प बसेन. कसं ओळखायचं ते सांगा, आईकडे फोन देण्याआधी.

तुमचा,
बाळू