रात्रपाळीचा चार्ज

वडोदरा,
रविवार सकाळ

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवलास, हिमोग्लोबिन ९.८ आहे हे 'जरासे कमी आलेय' अशा थाटात सांगितलेस आणि लगेच ऑफिसातल्या गोष्टींकडे वळलीस. फोन आईच्या हातात होता आणि तिच्या प्रश्नांतून मला वाट मिळेना, म्हणून हे पत्र लिहितो आहे. तुझ्या वयाच्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि ९.८ हा आकडा त्यातल्या सौम्य पायरीच्याही खालचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता, तेव्हा यात तू एकटी नाहीस. पण जिना चढताना लागणारी धाप तुझी एकटीचीच आहे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तू त्यांनी सांगितले तितके दिवस, बरे वाटू लागले तरी न सोडता, घ्यायच्या आहेत. त्या गोळ्यांची जागा घेईल असे या पत्रात काही नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा ९.८ वर येऊ नये, यासाठी काय करायचे तेवढेच मला सांगायचे आहे.

बत्तीस वर्षे कारखान्यात तीन पाळ्यांत काम केलेल्या माणसाने जेवणाविषयी सांगावे हे तसे उफराटेच आहे, हे मी कबूल करतो. पण घाईत जेवून काय होते याचा अनुभव या घरात माझ्याइतका कोणाला नाही. रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला गेटाबाहेर आलो, की समोरच्या लारीवरचे गरम गाठिये, तळलेल्या मिरच्या आणि दोन चमचे साखरेचा चहा हा माझा नाश्ता असे, आणि आईने घरी झाकून ठेवलेली भाकरी-भाजी झोपेच्या ओढीने तशीच राही. एकोणपन्नासाव्या वर्षी तपासणीत उपाशीपोटीची साखर १४८ निघाली. १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरांनी 'रोज काय खाता?' असे विचारल्यावर आमच्या घरी जे शिजते त्याची यादी मी मोठ्या अभिमानाने सांगितली, आणि तुझी आई शेजारच्या खुर्चीवरून नुसती माझ्याकडे पाहत राहिली. गाठियांनीच मधुमेह झाला असे मी म्हणत नाही, तुझ्या आजोबांनाही तो होता. पण मी त्याला वाट मोकळी करून दिली, हे खरे.

गाठिये बरे नव्हेत हे मला तेव्हाही ठाऊक होते. परंतु आठ तासांच्या जागरणानंतर जो माणूस गेटाबाहेर येतो, त्याच्यात निवड करण्याचे त्राण उरलेले नसते. समोर जे तयार असेल ते तो खातो. तुझेही नेमके तेच होते. रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटल्यावर 'आता काय करू' हा प्रश्न तू स्वतःला विचारतेस, आणि त्या घटकेला त्याचे उत्तर पाकिटातले नूडल्स किंवा मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी हेच येणार. भुकेच्या वेळी जेवणाचा निर्णय घ्यायचा नाही, तो आधीच घेतलेला असला पाहिजे, हे मला निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात पाय ठेवल्यावर कळले.

आमच्याकडे पाळी बदलताना चार्ज द्यावा लागे. कोणता पंप बंद आहे, कोणत्या टाकीची पातळी किती आहे, कोणती झडप अर्धी उघडी ठेवली आहे, हे सारे लॉगबुकात लिहून, पुढच्या माणसाला तोंडी सांगून मगच निघायचे. चार्ज न देता घरी गेलेल्या माणसाचा उद्धार पुढची पाळी आठही तास करीत असे. तुझ्या घरी रात्री झोपणारी मुग्धा सकाळच्या मुग्धेला चार्ज न देताच झोपते. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे तुझ्याकडे आहेत, कारण आईने रात्री साडेअकराला पाठवलेला मेसेज तू लगेच वाचतेस हे आम्हांला दिसते. ओट्यावर एका वाटीत काही तरी भिजत घातलेले असावे, एखादी भाजी निवडून किंवा चिरून डब्यात बंद असावी, कणकेचा गोळा फ्रीजमध्ये असावा, आणि उद्याच्या डब्यात काय जायचे ते एका चिठ्ठीवर लिहून फ्रीजच्या दारावर लावलेले असावे. चिठ्ठीला हसू नकोस. सकाळी चिठ्ठी वाचून नुसते हात चालवायचे असतात, डोके चालवावे लागत नाही.

यातली मटकी मला विशेष आवडते, म्हणून ती नीट सांगतो. रविवारी सकाळी दोन वाट्या मटकी खडे पाहून धुवायची आणि भरपूर पाण्यात संध्याकाळपर्यंत भिजत ठेवायची. मग चाळणीत पूर्ण उपसून, ओल्या सुती फडक्यात सैलसर गाठोडे बांधून, चाळणीतच झाकून ठेवायची. आपल्याकडे मे महिन्यात सकाळपर्यंत मोड नखाएवढे होतात. तुमच्या बेंगळुरूच्या हवेत दीड दिवस लागला तरी घाबरू नकोस, फक्त फडके कोरडे पडू देऊ नकोस. गाठोडे सोडताना ओल्या मातीसारखा वास आला पाहिजे. आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागली, तर ती टाकून दे. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते, आणि रोज त्यातली वाटीभर कांद्या-टोमॅटोवर परतून एक वाफ काढली की दहा मिनिटांत उसळ होते. कच्ची खाऊ नकोस, कारण ज्या ओलाव्या-उबेत मोड फुटतात त्यातच जंतूही वाढतात. कडधान्यातले फायटेट नावाचे द्रव्य लोहाला धरून ठेवते. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते कमी होते. मोडांबरोबर क जीवनसत्त्वही वाढते, पण ते शिजवताना पुष्कळसे जाते, म्हणून वरून लिंबू पिळायचेच. पोळी-भाजीतले लोह शरीरात शिरायला लिंबासारखी आंबट गोष्ट फार उपयोगी पडते. आजी पोह्यांच्या प्रत्येक बशीत लिंबाची फोड ठेवी आणि आपण ती बशीच्या कडेला सारत असू.

आता चहा. तू जेवणानंतर लगेच चहा घेतेस, आणि ही सवय तू माझ्याकडून उचललीस, म्हणून सांगताना मला संकोच वाटतो. चहा-कॉफीतील टॅनिन लोहाचे शोषण अडवते, म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी घेऊ नये असे सांगते. चहा सोडू नकोस, मीही सोडलेला नाही. तो चार वाजता घे आणि त्याच्याबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे खा, म्हणजे रात्रीची वखवखही कमी होईल. लोहाची गोळीसुद्धा चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नकोस. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह घेण्याची शिफारस आहे आणि पुरुषाला १९, म्हणजे तुला माझ्या दीडपट लोह हवे, आणि पोळ्या मात्र मी तीन खातो आणि तू दीड.

प्रथिनांचा हिशेब मी तुझ्यासाठी वहीत मांडला आहे. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तर तुझ्या ५२ किलोंना रोज सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी कँटीनचा सांबार-भात आणि रात्री नूडल्स, असा जो दिवस तू परवा सांगितलास, त्याची बेरीज माझ्या अंदाजाने पंचविशीच्या वर जात नाही. त्याऐवजी वाटीभर घट्ट वरणाचे ७, वाटीभर उसळीचे ७, मूठभर शेंगदाण्यांचे ७, पेलाभर दुधाचे ६, वाटीभर दह्याचे ४ आणि दोन उकडलेल्या अंड्यांचे १२ असे मिळून ४३ होतात, आणि पोळी-भाताचे जे मिळेल ते वर. अंडी तू तिथे खातेस हे आईला केव्हाच ठाऊक आहे. ती फक्त विचारत नाही. दूध-दही मात्र टाळू नकोस, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत नसते, आणि तेही कमी पडले तरी रक्त कमी होते. प्रथिनांच्या पावडरचा जो डबा तू घ्यायचे म्हणत होतीस, त्या पैशांत सहा महिन्यांची कडधान्ये येतील असे माझे मत आहे. हे मत विचारलेले नाही, याची मला जाणीव आहे.

फळे आणि भाज्या यांविषयी लांबण लावत नाही. एक फळ रोज, आणि ते पेरू, पपई किंवा केळे यांसारखे साधे. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीचा. मी हल्ली सकाळी खंडेराव मार्केटला जातो आणि आठवड्याची भाजी एकदम आणतो. तुझ्या गल्लीत भाजीवाला दारावर येतो म्हणालीस, मग तुला तेवढेही कष्ट नाहीत.

तेल आणि मीठ यांचा हिशेब मात्र कर. त्याच पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे, म्हणजे एका माणसाला महिन्याला लिटरभराच्या आतच. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण आणि नूडल्सचा मसाला हे सगळे धरायचे. पाकिटाच्या मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा पहिली तीन नावे वाचून ते पाकीट खाली ठेवायचे की नाही ते ठरव. वडोदऱ्याच्या माणसाने फरसाणाविरुद्ध बोलू नये, हे मला मान्य आहे. लीलो चेवडो, म्हणजे आपला बटाट्याचा ओलसर चिवडा, आणि सेवउसळ यांवाचून या गावात रविवार होत नाही, आणि तू घरी आलीस की आपण दोघे सेवउसळ खायला जाऊच. तो बेत ठरवून केलेला असतो आणि चवीने खाल्लेला असतो. भुकेने कासावीस होऊन उभ्या-उभ्या संपवलेल्या पाकिटाबद्दल माझी तक्रार आहे.

सगळे एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात फक्त चहाची वेळ बदल आणि रोज रात्री चिठ्ठी लाव. मटकी पुढच्या रविवारी. रात्री दहाला घरी पोहोचण्याचे दिवसही येतील, त्या दिवशी मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र कुकरला लाव, वर चमचाभर तूप आणि शेजारी दही घे. त्याहून काही करू नकोस.

काल तुझ्या नावाने पार्सल पाठवले आहे. त्यात अळिवाचे लाडू आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे आणि आईच्या जुन्या सुती साडीची दोन फडकी आहेत. ती आधी उकळत्या पाण्यातून काढून घे आणि मगच मटकी बांध. लाडवांत गूळ आहे आणि गूळही शेवटी साखरच, तेव्हा रोज एक. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासशील तेव्हा तो आकडा फोनवर मला सांग. पार्सलच्या तळाशी लीलो चेवड्याचे पाकीट सापडले, तर ते आईने माझ्या नकळत घातले आहे असे समजावे.

तुझे,
बाबा