रांगोळीचा डबा खाली ठेव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, पुढच्या आठवड्यात माझी पहिली गावबैठक. लोक बोललेच नाहीत तर?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बोलले नाहीत तर थांब. गावांच्या कामांत सल्लागार म्हणून घालवलेल्या सव्वीस वर्षांत मला सगळ्यात उशिरा जमलं ते हेच. सल्लागार म्हटलं की लोक उत्तरासाठी आपल्या तोंडाकडे बघतात, आणि आपली जीभही आवरत नाही.

सुरुवातीच्या दिवसांतलं एक गाव अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी शिवारफेरी झाली होती. मारुतीच्या पारासमोर लोकांनीच जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा होता. पुरुष पुढे कोंडाळं करून, बायका मागे देवळाच्या भिंतीला टेकून. बराच वेळ कोणी हलेना. मला ती शांतता सोसवली नाही. मीच डबा उचलला, रस्ता काढला, ओढा काढला, हातपंपाची जागाही दाखवून मोकळी झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पंप बसला.

वर्षाने गेले, तर बायका जुन्याच विहिरीवर. एका आजीला कारण विचारलं. तिने काडी घेऊन मातीत दोन रेघा ओढल्या. "पंपावर जायचं तर दुसऱ्याच्या खळ्यातनं जावं लागतंय. तिथनं लेकीसुनांनी हंडे घेऊन कसं जायचं, बाई?" हे तिला पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. डबा माझ्या हातात होता, म्हणून ती बोलली नव्हती.

तेव्हापासून बायकांची बैठक मी आधी घेते, भाकऱ्या आटोपल्यावर, त्यांच्या वेळेला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं आपला कायदाही सांगतो. ती नुसत्या सह्यांवर उरकलेली दिसली की जीव तुटतो. तू तसं होऊ देऊ नकोस.

सवड काढून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जाऊन ये. शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. तिथल्या कामातले दोघं बघ: देवाजी तोफा गावातलेच, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. मोहनभाऊ गावकऱ्यांच्या अभ्यासगटात बसत, माहिती पुरवत, प्रश्न विचारत. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल सांभाळायचा आणि वापरायचा साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, म्हणजे बांबू बाहेर न्यायचा परवाना गावच देऊ लागलं. वनहक्काचा कायदा २००६ चा, पण हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र बसून विचार करत होतं. म्हणून कायदा आला तेव्हा ते तयार होतं. तुझा प्रकल्प तीन वर्षांत संपेल आणि अहवालही वेळेवर द्यावा लागेल. तो दे. पण गावाला त्या तारखांच्या मागे पळवू नकोस.

रांगोळी जास्तीची ने, दोन-तीन रंगांची. खुर्ची दिली तरी खाली बस. ओढ्याला, टेकडीला गावात जे नाव असेल तेच नकाशावर येऊ दे. आणि बैठक संपली की नकाशा कागदावर उतरवशील, तो मूळ कागद गावातच ठेव. तू नक्कल आण. आजीच्या त्या दोन रेघा मी उतरवून घेतल्या नाहीत. त्या रात्रीच पाऊस झाला.

बैठक झाली की फोन कर, कितीही उशीर झाला तरी. जागीच असेन.

तुझी,
आई