आई-बाबा, मेणबत्त्या पाठवतेय

पंचवटी, नाशिक

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, पुण्याची थंडी तुमच्या दम्याला मानवतेय ना? पंप उशाशीच ठेवा.

आई, मी घरी करते त्या मेणबत्त्यांबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "त्या मेणात चरबी तर नसते ना?" घाईत मी नुसतं "नाही गं" म्हणाले. माझं मेण सोयाबीनचं असतं. सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात, वनस्पती तूप करतात तसंच. दुकानातली साधी मेणबत्ती बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातली. काहींमध्ये स्टिअरिक ॲसिड घालतात आणि ते चरबीपासूनही बनवता येतं. तुझी शंका रास्तच होती, म्हणून मी पाकिटावरचं वाचूनच मेण घेते.

पहिल्या खेपेला मात्र रडू आलं होतं. रात्री गार ओट्यावर ओतल्या, सकाळी काचेवर पांढुरके डाग. पेटवली तर ज्योत मधोमध विहीर खणत खाली गेली, कडेचं मेण जसंच्या तसं! वात बारीक पडली होती. तू वळून ठेवलेली वातही लावून पाहिली. तुपात ती किती संथ जळते, पण मेणात भडकली आणि काजळी धरली. मेणबत्तीला सुताची विणलेली वातच लागते. जळताना तिचं टोक वाकतं आणि ज्योतीच्या कडेला जळून जातं.

आता ग्लास आधी कोमट करते. बाबांनी भांडी बाजारातून आणलेल्या पितळी पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. (ते वेगळं घेतलंय आई, तुझ्या स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावलेला नाही. उरलेलं मेणही कागदाने पुसते, मोरीत जाऊ देत नाही.) 75 अंशांपर्यंत तापवायचं आणि 55 पर्यंत उतरायची वाट पाहायची. त्या वेळात मी फोन बघत नाही, नुसती ढवळत बसते. ऑफिसचा सगळा शीण तिथे उतरतो. तुम्ही दोघं गेल्यापासून घर फार शांत झालंय, पण त्या वेळी ते रिकामं वाटत नाही.

मैत्रिणींसाठी 200 ग्रॅम मेणात 12 ग्रॅम मोगऱ्याचा सुगंध घालते. तुमच्या तिन्ही मेणबत्त्या बिनवासाच्या आहेत, बाबांना त्रास नको म्हणून. पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळेतोवर विझवू नका. दर वेळी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. फुंकर मारू नका, झाकण ठेवा म्हणजे धूर कोंडतो. पंख्याखाली तर नकोच. आणि देवापुढे तुझं तुपाचं निरांजनच राहू दे. या लाइट गेल्यावर लावायला.

त्रिपुरी पौर्णिमेला रामकुंडावर जाऊन आले. मेण गोदावरीत सोडायला मन धजेना, म्हणून तुझ्यासारखा कणकेचाच दिवा केला. कणीक जरा सैल झाली होती, आई, पण दिवा बराच वेळ दिसत होता.

तुमची,
धाकटी