सिस्टीन चॅपल रविवारी बंद असते, हे कार्यक्रम छापण्याआधी पाहायला हवे होते

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : भूमध्य समुद्रातील क्रूझ सहलीत (९ ते १६ ऑक्टोबर २०२५) छापील कार्यक्रमातील स्थळे न दाखवल्याबद्दल तक्रार व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत मी आणि माझी पत्नी गेल्या महिन्यात भूमध्य समुद्रातल्या क्रूझ सहलीला जाऊन आलो. बार्सिलोनाहून निघून मार्से, लिव्होर्नो (फ्लॉरेन्ससाठीचे बंदर), चिव्हितावेक्किया (रोमसाठीचे बंदर), नेपल्स, पाल्मा आणि परत बार्सिलोना असा मार्ग होता. परतल्यावर आपल्या कार्यालयात फोन केले, समक्षही येऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि काही दिवसांनी पुढच्या सहलीवर दहा हजार रुपयांच्या सवलतीचे कूपन ईमेलने आले. ते कूपन मला नको आहे. आमचे म्हणणे काय आहे, हे कोणी नीट समजूनच घेतले नाही असे त्यावरून दिसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जहाजाबद्दल आमची तक्रार नाही. केबिन स्वच्छ होती, कर्मचारी अतिशय अदबीने वागले. १० तारखेला संकष्टी होती. पत्नीचा उपास असतो हे बुकिंगच्या फॉर्ममध्ये लिहून दिले होते, पण ते जहाजापर्यंत पोचलेच नव्हते. तरीही आमच्या टेबलावर वाढणाऱ्या मडगावच्या मुलाने आत जाऊन आचाऱ्याशी बोलून उकडलेले बटाटे, दही आणि फळे आणून दिली. पाल्माला वाऱ्यामुळे जहाज उशिरा धक्क्याला लागले आणि आमचे फिरणे निम्म्यावर आले. समुद्रावर असे व्हायचेच, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. माझी तक्रार आहे ती जमिनीवरच्या दोन दिवसांबद्दल, फ्लॉरेन्स आणि रोमबद्दल. त्या दोन्ही दिवसांचा कार्यक्रम आपण आखला होता, बस आपली होती, टूर मॅनेजर आपली होती, आणि त्याचे पैसे पॅकेजव्यतिरिक्त वेगळे घेतले होते : दरडोई फ्लॉरेन्ससाठी १५० युरो आणि रोमसाठी १७५ युरो.

आम्ही ही सहल का निवडली ते सांगणे आवश्यक आहे, कारण बुकिंगच्या दिवशी आपल्या प्रतिनिधीलाही ते सांगितले होते. माझी पत्नी शाळेत चित्रकला शिक्षिका होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी तिने किती मुलांची तयारी करून घेतली याची गणती नाही. तिच्या वर्गात फळ्याशेजारी रोममधल्या व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपल या प्रार्थनागृहाच्या छतावरच्या चित्राची एक छापील प्रत कायम लावलेली असे : देवाचा पुढे आलेला हात आणि आदमचा सैलसर उचललेला हात, मध्ये जेमतेम फट. इटालियन शिल्पकार-चित्रकार मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे मचाणावर उभे राहून, मान मागे टाकून ते छत रंगवले, हे ती दर वर्षी नव्या मुलांना सांगायची. निवृत्त झाल्यावर एकदा ते छत डोळ्यांनी पाहायचे, एवढीच तिची इच्छा होती. आपल्या माहितीपत्रकात चौथ्या दिवशी 'व्हॅटिकन म्युझियम व सिस्टीन चॅपल' आणि तिसऱ्या दिवशी 'मायकेलअँजेलोचा जगप्रसिद्ध डेव्हिड' असे ठळक अक्षरांत छापले होते. त्या दोन ओळी वाचून आम्ही पैसे भरले.

शनिवारी, ११ तारखेला, जहाज लिव्होर्नोला लागले. तिथून फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर. पिसाचा मनोरा वाटेत धावतपळत पाहून आम्ही दुपारी फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकात पोचलो. जुन्या राजवाड्याच्या दारापाशी डेव्हिडचा पुतळा आहे, तिथे टूर मॅनेजरने सर्वांना उभे करून सांगितले, "हा मायकेलअँजेलोचा डेव्हिड, फोटो काढून घ्या." पत्नीने तिला बाजूला घेऊन सांगितले की ही प्रतिकृती आहे. मूळ पुतळा ऊन-पावसापासून वाचवण्यासाठी १८७३ मध्ये अकादेमिया गॅलरीत हलवला आणि ही प्रत १९१० मध्ये इथे बसवली. टूर मॅनेजरला हे माहीत नव्हते. तिने ऑफिसला फोन केला, तेव्हा कळले की अकादेमियाची तिकिटे काढलेलीच नाहीत.

अकादेमिया तिथून पायी पंधरा मिनिटांवर आहे आणि शनिवारी उघडी असते. वेळ नव्हता असेही म्हणता येणार नाही, कारण त्यानंतर आम्हाला सांता क्रोचेजवळच्या चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात नेऊन पाऊण तास बसवले. तिथे जॅकेटांचे प्रात्यक्षिक झाले. हे दुकान माहितीपत्रकात कुठेही नव्हते. ज्यांना खरेदी करायची होती त्यांनी जरूर करावी, पण आम्ही दीडशे युरो त्यासाठी भरले नव्हते. पाच मीटरहून उंच संगमरवरी डेव्हिड, ज्याच्या हाताच्या शिराही दगडात दिसतात, तो पाहायला आम्ही आलो होतो.

तरी त्या रात्री पत्नी म्हणाली, "जाऊ दे, उद्या सिस्टीन आहे."

रविवारी, १२ तारखेला, सकाळी जहाज चिव्हितावेक्कियाला लागले. आपल्या माहितीपत्रकातल्या नकाशावर रोमचा ठिपका थेट किनाऱ्यावर काढलेला आहे. प्रत्यक्षात बंदरापासून रोम सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते लोणावळा. संध्याकाळी साडेसहापर्यंत सर्वांनी जहाजावर परतायचे होते. जाण्यायेण्याचा वेळ आणि शहराबाहेरच्या भारतीय हॉटेलातले जेवण वजा जाता रोमला काय उरते ते आपणच काढून पाहा. कोलोसियम बाहेरून दाखवून आम्हाला बाराच्या सुमारास व्हॅटिकनच्या भिंतीलगत उतरवले आणि सगळा गट म्युझियमच्या दाराकडे चालत नेला.

दार बंद होते. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असते. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ते उघडतात आणि त्या दिवशी प्रवेश विनामूल्य असतो. १२ ऑक्टोबर हा महिन्याचा दुसरा रविवार होता. सिस्टीन चॅपलला जायचा प्रवाशांचा रस्ता म्युझियममधूनच आहे, त्यामुळे तेही बंद. या नियमात नवे काहीच नाही. वर्षभराच्या सुट्ट्यांचे आणि वेळांचे पत्रक म्युझियमच्या संकेतस्थळावर असते, ते कोणालाही घरबसल्या पाहता येते. जहाज कोणत्या तारखेला कोणत्या बंदरात असेल हेही आपल्याला आम्ही पैसे भरण्याच्या कितीतरी आधी माहीत होते. कॅलेंडर उघडून वार पाहण्याएवढेच काम होते.

त्या भिंतीत जे जुने दार आहे त्याच्या माथ्यावर दोन पुतळे बसवलेले आहेत, एक चित्रकार राफाएलचा आणि एक मायकेलअँजेलोचा. माझी पत्नी समोरच्या फुटपाथवर उभी राहून ते पुतळे पाहत होती. गटातल्या बाकीच्यांचा टूर मॅनेजरशी वाद चालला होता, ही मात्र काही बोलली नाही. तिचे ते गप्प उभे राहणे मी विसरू शकत नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

मग टूर मॅनेजर म्हणाली, सेंट पीटर्स चर्च तरी पाहू. २०२५ हे कॅथलिक पंथीयांचे ज्युबिली, म्हणजे विशेष तीर्थयात्रेचे, वर्ष आहे आणि त्या रविवारी पोप यांची मोठी प्रार्थनासभा सेंट पीटर्सच्या चौकातच होती. चौक माणसांनी भरलेला, चर्चच्या रांगेचा अंत दिसत नव्हता. आत 'पिएता', म्हणजे येशूचा देह मांडीवर घेतलेल्या मेरीची मूर्ती, आहे, तीही मायकेलअँजेलोचीच. तीही राहिली. साडेतीनला आम्ही परतीच्या बसमध्ये होतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी आम्हाला पुण्याला परतल्यावर पत्नीच्या एका विद्यार्थ्याकडून कळली. कोलोसियमपासून चालत काही मिनिटांवर सान पिएत्रो इन विन्कोली नावाचे चर्च आहे. मायकेलअँजेलोचा 'मोझेस' हा पुतळा तिथे आहे. ज्या पोप ज्युलिअस दुसरा याने सिस्टीनचे छत रंगवून घेतले, त्याच्याच समाधीसाठी घडवलेला. प्रवेशाला तिकीट लागत नाही. आम्ही त्या सकाळी कोलोसियमच्या बाहेर फोटो काढत तासभर उभे होतो. आपल्याकडे रोमची माहिती असणारा एक जरी माणूस कार्यक्रम आखायला बसला असता, तर रविवारी सिस्टीन नाही हे त्याला आधीच दिसले असते आणि त्याने निदान एवढे तरी सुचवले असते. आमची ती सकाळ अशी वाया गेली नसती.

हे जमत नाही असेही नाही. दुसऱ्याच दिवशी नेपल्सहून पाँपेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरात, नेले, तो दिवस उत्तम झाला. तिथे गेल्या वर्षीपासून दिवसाला वीस हजार जणांनाच प्रवेश आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव, असा नियम आहे. आमची नावे तिकिटांवर बरोबर होती, पासपोर्टच्या प्रती आदल्या दिवशीच मागून घेतल्या होत्या, आणि स्थानिक गाइड जाणकार होता. रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि खाणावळीच्या ओट्यात बसवलेले मातीचे रांजण त्याने थांबून थांबून दाखवले. त्या गाइडला आमचे धन्यवाद कळवावेत. पाँपेईची तयारी ज्याने केली, त्याने रोम आणि फ्लॉरेन्सकडे पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्या कार्यालयाने मला फोनवर दोन उत्तरे दिली. पहिले, बंदराच्या तारखा आणि वेळा जहाज कंपनी ठरवते. मान्य. पण त्या तारखांना काय पाहता येईल आणि काय नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही मध्ये आपली कंपनी घेतली. नाहीतर जहाजाचे बुकिंग आमच्या मुलानेही घरून केले असते. दुसरे, अटी-शर्तींमध्ये 'स्थळदर्शन उपलब्धतेनुसार' असे लिहिले आहे. संप झाला, वादळ आले, अचानक दार बंद केले, तर ही अट मी मान्य करीन. ठरलेली साप्ताहिक सुट्टी आणि न काढलेले तिकीट या दोन्ही गोष्टी त्या अटीत बसत नाहीत. जे दाखवता येणार नाही हे ठाऊक असायला हवे होते ते छापून पैसे घेणे, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे आणि दिशाभूल करणारी जाहिरातही आहे.

आणखी दोन हिशेब आहेत, ते थोडक्यात. पॅकेजमध्ये 'सर्व टिप्स समाविष्ट' असे पावतीवर लिहिलेले असताना जहाजाच्या शेवटच्या बिलात दरडोई दर रात्री १२ युरो सेवाशुल्क लागले. ते आम्ही कार्डाने भरले, बिलाची प्रत जोडली आहे. तसेच जून आणि ऑगस्टमध्ये भरलेल्या रकमेवर आपण ५ टक्के टीसीएस (सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापला, तो माझ्या फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, अजून दिसत नाही. दोन्ही तिमाहींचे विवरणपत्र भरण्याची मुदत उलटून गेली आहे. आपल्या लेखा विभागाने तो लगेच पाहावा आणि प्रमाणपत्र पाठवावे.

संपूर्ण सहलीचे पैसे मी मागत नाही. फ्लॉरेन्स आणि रोम या दोन सहलींचे दोघांचे मिळून ६५० युरो आणि सेवाशुल्काचे १६८ युरो, भरणा केला त्या दिवशीच्या दराने रुपयांत परत करावेत. कूपन, सवलत किंवा पुढच्या सहलीत समायोजन स्वीकारले जाणार नाही. याशिवाय त्या गटातल्या प्रत्येक प्रवाशाला आपण होऊन लेखी खुलासा पाठवावा. आमच्याबरोबर असेही लोक होते जे आजही समजतात की त्यांनी खरा डेव्हिड पाहिला.

याच मार्गाचे पुढच्या वर्षीचे माहितीपत्रक आपल्या काउंटरवर मी पाहिले. त्यात रोमचा ठिपका पुन्हा समुद्रकाठीच आहे आणि कार्यक्रमाच्या ओळी त्याच आहेत. ते वाटण्याआधी प्रत्येक शहरापुढे बंदराचे खरे नाव, तिथून शहराचे अंतर, शहरात प्रत्यक्ष मिळणारे तास आणि त्या दिवशीचा वार छापावा. जिथे प्रतिकृती दाखवणार तिथे प्रतिकृती लिहावे. आयुष्यभराची बचत मोडून एकदाच जाणारी माणसे आपल्याकडे येतात, त्यांना पैसे भरण्याआधी हे कळायलाच हवे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, नोंद करून ई-जागृती पोर्टलवरून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. माहितीपत्रकाची पाने, पावत्या, जहाजाचे बिल आणि म्युझियमच्या बंद दाराचा तारीख-वेळेसह फोटो सोबत जोडला आहे. गटातल्या आणखी काही प्रवाशांनी आपली नावे देण्याची तयारी दाखवली आहे.

कळावे,

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे